टोपस

फौजेच्या गोष्टी आपल्या घरांना नव्या नाहीत. कुणाचा पणजा पलटणीत होता, कुणाचा आजा बसऱ्याला जाऊन आला, कुणाच्या घरी ट्रंकेच्या तळाशी गंजलेला बिल्ला सापडतो. बाबासाहेबांचे वडील सुभेदार. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला. 1 जानेवारी 1818 ची कोरेगावची लढाई आणि 1 जानेवारी 1927 ला त्या स्तंभापुढं उभे राहिलेले बाबासाहेब, हे वस्तीतलं शाळकरी पोरही सांगतं. पुढचंही ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजानं महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणूस कमी पडला तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभी केली, आणि लढाई संपल्यावर 1921 ला मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणूस लागला. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर होते. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

हे सगळं सांगावं. छाती काढून सांगावं. पण ही जमिनीवरच्या फौजेची गोष्ट झाली. पाण्यावरच्या फौजेत आपली माणसं कुठं होती? कुठल्या कामाला होती? त्या फौजेत मी पंधरा वर्षं काढली. 1984 ला गेलो, 1999 ला पेन्शन घेऊन नाशकात आलो. म्हणून दोस्तहो, थोडं बोलतो. भाषण नाही. टपरीवर बसल्यासारखं.

टपरी खरोखरचीच आहे. गंगापूर रोड अशोक स्तंभापासून निघतो, केटीएचएम कॉलेजावरून जेहान सर्कलला येतो, आनंदवल्ली, सोमेश्वर करत धरणाकडं जातो. एके काळी या रस्त्याला द्राक्षाचे मळे होते. आता फ्लॅट, शोरूम आणि कॉफीची दुकानं. बंगल्यांच्या मागं धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या वस्त्या. रोडच्या बाजूला भोसला मिलिटरी स्कूल, डॉ. मुंजे यांनी 1937 साली काढलेलं. तिथल्या पोरांची परेड लोक कौतुकानं बघतात. आमची परेड कुणी बघत नाही. आम्ही चार म्हातारे खलाशी रविवारी सकाळी रस्त्याकडेला चहा पितो, एवढंच.

चौघं कोण, तर एक सिन्नरकडचे मराठे, जहाजाच्या इंजिनावर होते. त्यांना इंजिनवाले म्हणतो. एक कोकणातला कोळी, जहाजावर स्वयंपाकी. ते कुकसाहेब. मी सिग्नलचा, निफाड तालुक्यातला, बौद्ध. आणि चौथे आमच्यात वडील, देवळाली कॅम्पातले, वाल्मिकी समाजाचे. बाप कॅम्पात सफाई कामगार. त्यांना आम्ही दादा म्हणतो. दादांची गोष्ट पुढं येते.

म्हातारे खलाशी एकत्र बसले की लढाया सांगत नाहीत. पहिले सहा महिने सांगतात. भरती, केस कापणं, पहिली शिट्टी, पहिली शिवी. माझ्या वेळेला पोरांचं प्रशिक्षण ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी व्हायचं. आयएनएस चिल्का, 1980 साली सुरू झालेलं. त्याआधीची पोरं विशाखापट्टणमला जायची. मग ज्याची त्याची शाखा. इंजिनवाला लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत, विजेवाला जामनगरला वलसुरात, सिग्नलवाला कोचीनला, स्वयंपाकी मालाडला हमलात.

इंजिनवाले सांगतात, "केस कापले ना भो, तर आरशात मी मलाच ओळखलं नाही. शंभर पोरं, शंभर नारळ. कोण कुठला काय कळणार?"

कुकसाहेब सांगतात, पहिल्या रात्री सगळी बराक रडत होती. चादर तोंडावर घेऊन. पंजाबी, बिहारी, मल्याळी, मराठी. रडण्याला भाषा लागत नाही.

पहाटे उठणं. धावत जाणं. चालायचं नाहीच, जिथं जायचं तिथं डबल. किट मस्टर म्हणजे सगळं सामान खाटेवर मांडून दाखवायचं, घडीला घडी, बूट आरशासारखे. एक मोजा वाकडा दिसला की सगळं सामान जमिनीवर, पुन्हा मांड. दोराच्या गाठी. बोलाइन, क्लोव्ह हिच, रीफ. झोपेत सुद्धा हात गाठ मारायचे. बोट वल्हवताना हाताला फोड, फोड फुटून घट्टा. मेसची डाळ अशी, की बुडी मारली तरी दाणा हाती लागायचा नाही. यावर इंजिनवाले हटकून म्हणतात, "म्हणून तर 1946 ला संप झाला!"

ते अर्धं खरं आहे. 18 फेब्रुवारी 1946 ला कुलाब्याच्या 'तलवार' या सिग्नल शाळेतल्या पोरांनी जेवण नाकारलं. खराब अन्न, गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या, गोऱ्या आणि काळ्या खलाशांच्या पगारात फरक. बघता बघता 78 जहाजं आणि वीस हजार खलाशी उठले. डोलकाठीवर काँग्रेसचा, लीगचा आणि लाल असे तीन झेंडे एकत्र चढवले. गिरणगाव त्यांच्या मागं रस्त्यावर आलं, गोळ्या झेलल्या. 23 फेब्रुवारीला पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून पोरांनी संप मागं घेतला. मी सिग्नलचा, म्हणून मला त्या पोरांचा अभिमान वाटतो. माणूस आधी ताटासाठी उठतो, मग ताटावरून माणुसकीवर येतो.

आता माझी गोष्ट. मला चिल्कातलं काय आठवतं? पाणी.

1972 च्या दुष्काळात मी सहा वर्षांचा होतो. गावात विहीर एक. आई हंडा घेऊन कडेला उभी राहायची. कुणी तरी वरून ओतेल तेव्हा पाणी. तास, दोन तास. ओतणाऱ्या बाईचा हात दुखला की ती निघून जायची. आई तशीच उभी. मी विचारलं, "आपुन का न्हाई काढत?" आई म्हणाली, "पाणी बाटतंय म्हंत्यात." महाडचा सत्याग्रह 20 मार्च 1927 ला झालेला. आमच्या गावात तो पंचेचाळीस वर्षांनंतरही पोचला नव्हता.

त्या गावचं पोर मी. सतराव्या वर्षी चिल्कात पोहण्याच्या तलावाच्या कडेला लंगोटावर उभा. नेव्हीत पोहण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय सुटका नाही. शिकवणारा ओरडला, "कूद!" मला पोहता येत नव्हतं. कुठं शिकणार? ज्याला विहिरीच्या काठावर पाय ठेवायची बंदी, तो पोहायला काय हवेत शिकणार? इंजिनवाल्यांना येत होतं. त्यांच्या मळ्यात विहीर होती, पाठीला पांगारा बांधून बापानं ढकललं होतं. कुकसाहेब तर समुद्राचंच पोर.

मी उडी मारली. नाकातोंडात पाणी गेलं. माझ्या अंगाचं पाणी, माझ्या तोंडातनं निघालेलं पाणी त्या तलावात मिसळलं. त्याच तलावात ठाकूर, रेड्डी, शर्मा, नायर. सगळे त्याच पाण्यात मुततही असतील. पाणी बाटलं नाही. कुणी गोमूत्र शिंपडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. वर आलो आणि एकटाच हसत बसलो. शेजारचा बिहारी पोरगा म्हणाला, "पागल हो गया क्या?" त्याला काय सांगणार.

गावी गेलो तेव्हा आईला सांगितलं. तिनं एकच विचारलं, "अन कोनी काय म्हनलं न्हाई?" कोणी काही म्हणालं नाही, हे तिला पोहण्यापेक्षा मोठं वाटलं.

तर दोस्तहो, वर्दीनं मला काय दिलं ते मी नाकारत नाही. एकच ताट, एकच पाणी, एकच बराक. जहाजावर गोडं पाणी मोजून मिळायचं, आणि ते मोजताना कुणाची जात मोजली नाही. हे मी टपरीवर पुष्कळ वेळा बोललेलो. एका रविवारी असंच बोलत होतो. इंजिनवाले मान डोलवत होते. "नेव्हीत जातबीत काही नाही, सगळे सारखे." दादा गप्प होते. बशीत चहा ओतून पीत होते. बशी खाली ठेवली आणि म्हणाले,

"तुम लोगों का होगा. मेरा तो नाम ही नहीं था."

आम्ही गप्प.

"पंधरा साल. मला कोणी नावानं हाक मारली नाय. 'टोपस!' बस. इधर आ टोपस, उधर साफ कर टोपस. तुला सिग्नल म्हणत होते का कोणी? याला इंजिन? तुमचं नाव होतं, वर रँक होता. मेरा काम ही मेरा नाम."

टोपस म्हणजे काय, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल. शब्द जुना, पोर्तुगीजांच्या काळातला. कोणी म्हणतं टोपीवरून आला, कोणी म्हणतं दुभाषीवरून. आधी मिश्र रक्ताच्या, टोपी घालणाऱ्या काळ्या ख्रिस्ती माणसाला म्हणत. मग जहाजावरच्या झाडूवाल्याला म्हणायला लागले. इंग्रजांच्या आरमारात तो शब्द राहिला, 1950 साली आरमार प्रजासत्ताकाचं झालं तरी राहिला. नेव्हीत ती एक वेगळी शाखाच. सिग्नल, इंजिन, तोफा, स्वयंपाक, तशी टोपस. जहाजावर संडासाला हेड्स म्हणतात. हेड्स धुणं, न्हाणीघरं धुणं, कचरा काढणं हे टोपसचं काम.

डेक आम्ही सगळेच धुतो. सकाळी पाण्याचा पाइप, ब्रश, पँट गुडघ्यापर्यंत वर. ब्राह्मण पोरानंही डेक घासलाय माझ्या बरोबरीनं. त्याची लाज कुणाला नाही, उलट त्याचे फोटो काढतात. पण डेक आणि हेड्स यांच्यामध्ये एक दार आहे. त्या दाराच्या आत कोण जाणार, हे भरतीच्या दिवशीच ठरलेलं.

दादा म्हणाले, "ट्रेनिंग सेम था. परेड सेम, रायफल सेम. मैं भी तैरा. मुझे लगा, चलो, बाप का झाडू छूट गया. ट्रेनिंग खतम झालं आणि हातात काय दिलं? झाडू. सरकारी झाडू."

कुठल्या जहाजावरची गोष्ट, ते दादा सांगत नाहीत. मीही विचारलं नाही. पण एक प्रसंग त्यांनी सांगितला. इंजिनरूमच्या बाजूला आग लागली. जहाजावर आगीची घंटा झाली की प्रत्येकाची जागा ठरलेली असते, टोपसची सुद्धा. दादा पाइप घेऊन आत शिरले. धूर, अंधार, पायाखाली तापलेलं लोखंड. दोन पोरांना ओढून बाहेर काढलं. एकाच्या तोंडाला तोंड लावून श्वास दिला. तो वाचला. आग विझली. रात्री सगळ्यांना चहा आला. दादा चहाच्या रांगेत उभे राहिले, तर मागनं आवाज, "टोपस, पहले हेड्स देख, सबने उल्टी किया है."

दादा आम्हाला म्हणाले, "आग लगी तो मैं सेलर. आग बुझी तो मैं टोपस."

मित्रांनो, हे वाक्य मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरतो आहे. 1917 ला पलटण उभी करणं आणि 1921 ला मोडणं, हेच वाक्य नाही का? आग लागली की शिपाई. आग विझली की महार. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ आयएनएस खुखरी बुडाली. 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. टॉर्पेडोनं कुणाची शाखा विचारली नाही. मरणात समता आहेच. ती द्यायला कुणाचं काही जात नाही. प्रश्न जगण्यातल्या समतेचा आहे.

इंजिनवाले चांगला माणूस आहे. त्यांना दादांचं बोलणं लागलं. म्हणाले, "पण दादा, कोणाला तरी ते काम करावंच लागणार ना? जहाज आहे. घाण होणारच."

हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. उत्तर तयार ठेवा. काम करावंच लागणार, कबूल. मग डेकसारखी पाळी का नाही? आज सिग्नल, उद्या इंजिन, परवा तोफा. पाळीनं हेड्स धुतले असते तर जहाज बुडालं असतं का? जहाजात कामं वाटली जातात, ते बरोबरच. पण एक माणूस आणि एक काम यांना जन्माच्या खिळ्यानं एकत्र ठोकायचं, ती वाटणी नाही, ते वतन आहे. कामाची विभागणी वेगळी आणि काम करणाऱ्या माणसालाच कप्प्यात कोंबणं वेगळं, हा फरक बाबासाहेबांनी 1936 साली जातिसंस्थेच्या निर्मूलनावर लिहिताना दाखवून दिलाय. महार वतनाविरुद्ध त्यांनी 1928 ला मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. हलकी गावकी वतनं रद्द करायचा कायदा 1958 ला झाला. गावातलं वतन गेलं. पगार, पेन्शन आणि पांढरी वर्दी देऊन ते जहाजावर चढलं.

पगारी वतन बिनपगारी वतनापेक्षा बरं. दादाही ते म्हणतात. देवळालीतलं घर त्या पेन्शनीवर उभं आहे, पोरगी नर्स झाली. पण पुढचं ऐका. दादा रिटायर झाले, माजी सैनिकाच्या जागेसाठी अर्ज केला. एका कार्यालयात मुलाखत. साहेबानं कागद बघितला. पंधरा वर्षांची सेवा, चांगली वर्तणूक, आग विझवण्याचं प्रशिक्षण, पोहता येतं. सगळं बघून साहेब म्हणाला, "सफाईचा अनुभव आहे, छान. सफाईची एक जागा आहे."

माझ्या सिग्नलला बाहेर टेलिफोनची नोकरी मिळाली. इंजिनवाल्यांना कारखाना मिळाला. कुकसाहेबांनी हॉटेल टाकलं. प्रत्येकाची शाखा बाहेर येऊन त्याची भाकरी झाली. दादांची शाखा बाहेर येऊन पुन्हा त्यांची जात झाली.

आता तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. टोपस हा शब्द कुठं ऐकू येतो आता? बरोबर. शब्द बदलला. 2022 साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढं कायम. त्या भरतीच्या जाहिरातींत दहावी पास पोरांसाठी तीन कामं दिलेली आहेत. शेफ, स्टुअर्ड आणि हायजिनिस्ट. दादांचा नातू ती जाहिरात मोबाइलवर घेऊन त्यांच्याकडं गेला. "दादाजी, हायजिनिस्ट म्हणजे डॉक्टरसारखं काय तरी असतं का?" दादा आम्हाला हे सांगताना हसले. मी त्यांना इतकं वाईट हसताना कधी पाहिलं नाही. नातवाला म्हणाले, "बेटा, टोपस ने इंग्रेजी सीख ली."

जाहिरातीत जात लिहिलेली नाही, हे मी सांगायलाच पाहिजे. कुठल्याही जातीचं पोर अर्ज करू शकतं. सैन्यदलांत अनुसूचित जातींना राखीव जागा नाहीत, आणि जात बघून कुणाला कामाला लावा असा नियमही कागदावर नाही. पण कागदाचं ऐकून घेतल्यावर माणसं मोजायची असतात. शेफ व्हायला कोण जातं, स्टुअर्ड व्हायला कोण जातं, हायजिनिस्टच्या रांगेत कोण उभं राहतं? आणि दहावीत गणित-विज्ञान सुटलेलं पोर कुठल्या वस्तीतलं असतं? रांग दारात लागत नाही, ती शाळेत लागायला सुरुवात होते.

म्हणून कार्यकर्त्या पोरांनो, दोन-तीन कामं सांगतो.

वस्तीत भरतीची जाहिरात आली की नुसती व्हॉट्सॲपवर ढकलू नका. पोरांना बसवून वाचून दाखवा. कुठल्या पदाला बारावी विज्ञान लागतं, कुठल्याला दहावी, कुठल्या पदाचं काम प्रत्यक्षात काय. पोरगा डोळे उघडे ठेवून गेला तर जाऊ द्या, भाकरी आहे. पण नावाला फसून जायला नको. आणि नववी-दहावीच्या पोरांचं गणित घ्या. वर्दीची शाखा तिथं ठरते.

वस्तीतल्या पोरापोरींना पोहायला शिकवा. हसू नका. नाशकाला गोदावरी आहे, धरण आहे, पालिकेचा तलाव आहे, आणि तरी आपल्या किती पोरींना पोहता येतं? ज्या समाजानं पाण्यासाठी महाडला डोकी फोडून घेतली, त्याच्या पोरांनी पाण्याला भिऊ नये.

तिसरं काम जड आहे. 1 जानेवारीला आपण कोरेगावला जातो, महार रेजिमेंटच्या शूरांची नावं घेतो. घ्यायलाच पाहिजेत. पण देवळालीच्या कॅम्पात, भंगी म्हणून हिणवलेल्या गल्लीत, पंधरा वर्षं विनानावाचा राहिलेला एक खलाशी आहे. त्याची गोष्ट कुठल्या स्तंभावर आहे? चळवळ त्याला आपला म्हणते का, की त्याच्याही गोष्टीच्या दारावर एक पाटी लावते? वर्दीत मान मिळालेल्यांची यादी करणं सोपं आहे. वर्दीत झाडू मिळालेल्यांकडं जाऊन बसणं अवघड. तो आधी बोलणार नाही. तो चहा बशीत ओतून पीत बसेल. तुम्हीही बसा. घाई करू नका.

तो बोलायला लागला की पहिला प्रश्न कामाचा विचारू नका. त्याचं पूर्ण नाव विचारा. आणि लिहून घ्या.